फोटोवरून मॅचिंग मागणाऱ्या गिऱ्हाइकाला काय सांगायचं? (इंदूर, राजवाडा)

काउंटरपलीकडून

नमस्कार मंडळी. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमचं मॅचिंग सेंटर आहे, वडिलांपासून चालू. ब्लाउजपीस, अस्तर, परकर, फॉल, बस. आठ फुटाचा काउंटर आणि मागे भिंतभर टू बाय टू रुबियाचे तागे. मला एक सरळ प्रश्न विचारायचाय, पण आधी मागच्या शनिवारचं सांगतो म्हणजे नेमकी अडचण कळेल.

संध्याकाळी साडेसातला एक काकू आल्या, जुन्या गिऱ्हाईक, त्यांच्या सासूबाईही आमच्याकडूनच घ्यायच्या. घरात मुंज आहे. मी विचारलं रंग कोणता, तर म्हणाल्या, आमसुली, पण नुसतं आमसूल नाही रे, आमसूल भिजत घातल्यावर दुसऱ्या दिवशी पाणी होतं न तसा. मला लगेच कळलं, हात आपोआप त्या ताग्यावर गेला. म्हणलं काढा साडी, लावून बघू. साडी नाही. साडीचा फोटो. तोही त्यांनी काढलेला नाही, बडोद्याच्या बहिणीनी पाठवलेला.

मग बहिणीला व्हिडिओ कॉल. मी तागा धरून उभा. जरा मागे धरा, आता ट्यूबलाइटखाली धरा, नाही गं हा किरमिजी दिसतोय, दुसरा दाखव. दुसरा दाखवला तर तो चॉकलेटी. मग बहिणीची सून आली फोनवर, तिनी स्क्रीनशॉट काढून मुंजीच्या ग्रुपवर टाकला, तिथे पाच जणांनी अंगठा दिला आणि दोघांनी लिहिलं की वाइन कलर बघा. वाइन कलर बघितला. मग डाळिंबी, मग राणी, मग वांगी, मग परत पहिला. साडेआठपर्यंत 34 तागे खाली आले होते, मी नंतर लावताना मोजले म्हणून आकडा पक्का आहे. दोन गिऱ्हाइकं दारातूनच परत गेली. शेवटी एक मीटर फाडून घेतलं, बाह्या कोपरापर्यंत हव्यात म्हणून एक मीटर.

सोमवारी काकू परत. साडी आता हातात आलेली आणि ती फोटोपेक्षा अगदी वेगळी, फाडलेला पीस शेजारी ठेवला तर सरळ लालसर दिसतोय. मी बदलून दिला, काही बोललो नाही, पण या महिन्यातली ही तिसरी वेळ आहे आणि कटपीसची पेटी भरून वर आली आहे.

गिऱ्हाईक निवडून निवडून घेतं याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. रंग जुळवायला वेळ लागतोच, त्यासाठीच तर आम्ही बसलोय. पण साडीच समोर नसेल तर मी जुळवायचं कशाशी? फोटोवरून मॅचिंग मिळणार नाही अशी पाटी लावली तर लोकं दुखावतील का? आणि फाडलेलं कापड परत घ्यावंच लागतं का, कायदा काय म्हणतो? कोणाला माहीत असेल तर नक्की सांगा.

---

लोकमान्यनगरची सून

दादा, पाटी लावू नका, सांगते का ते. बाई साडी घरी ठेवून हौसेनी फोटो घेऊन येत नाही हो. साडी तिच्याकडे आलेलीच नसते! माझंच बघा, दिराच्या लग्नात साडी ऑनलाइन मागवली, यायची तारीख 12, आणि आमचा टेलर म्हणाला 8 तारखेच्या आत कापड द्या नाहीतर लग्नानंतर या. सीझनमध्ये टेलर देवासारखा असतो, त्याच्यापुढे वाद घालता येत नाही. म्हणजे साडी यायच्या आधी ब्लाउज शिवायला टाकायचा. मग फोटोशिवाय दुसरं करणार काय? मी तुमच्यासारख्याच एका दुकानात तासभर उभी होते आणि त्या दुकानदारानी तोंड वाकडं केलेलं मला आजपर्यंत लक्षात आहे.

आणि शिलाई काय स्वस्त राहिली आहे का, कापडाच्या तिप्पट-चौपट शिलाई जाते, त्यात शेड चुकला तर ते सगळं पाण्यात आणि वर लग्नात सगळ्या मावश्या-माम्या आधी ब्लाउजच बघतात. मुंजीतल्या बहिणीनी चार वेळा विचारलं तर तिचं चुकलं असं मला नाही वाटत.

एक मात्र विचारते, त्या साडीला रनिंग ब्लाउजपीस नव्हता का? आजकाल बहुतेक साड्यांना आतल्या टोकाला असतो. काकूंनी साडी पूर्ण उघडून बघितली का?

---

जुना रंगारी

मी 1991 च्या डिसेंबरात हुकुमचंद मिल बंद पडली तोपर्यंत तिथे रंगखात्यात होतो, त्यानंतर वीस वर्षं प्रोसेस हाउसात शेड मॅचिंगच केलं, त्यामुळे या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

तुमच्या काकूंची चूक नाही, तुमची नाही आणि बहिणीचीही नाही. दोन कापडं वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली असतात, साडीचं रेशीम वेगळ्या डायनी आणि तुमचं सुती रुबिया वेगळ्या डायनी. एका उजेडात दोन्ही अगदी सारखी दिसतात आणि दुसऱ्या उजेडात एक लालसर होतं, एक निळसर होतं. आमच्या भाषेत याला मेटामेरिझम म्हणतात. त्यात आमसुली, वांगी, राखी, खाकी असे रंग सगळ्यात बेइमान, कारण ते तीन-तीन रंग मिसळून बनतात. पिवळ्याधमक किंवा काळ्या ब्लाउजसाठी कोणी भांडायला आलेलं मी तरी पाहिलं नाही.

म्हणून प्रोसेस हाउसात शेड बघायला वेगळी पेटी असायची, आतून राखाडी रंगाची, आणि त्यात दिवसाच्या उजेडाचा दिवा, 6500 केल्विनचा. जुन्या काळी पेटी नव्हती तेव्हा उत्तरेकडच्या खिडकीत बघायचे, कारण उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, दिवसभर एकसारखा उजेड मिळतो. आता तुमचे काकूंसारखे गिऱ्हाईक तागा घेऊन गल्लीच्या तोंडाशी जातात ते बरोबरच करतात, पण कडक उन्हात धरतात तिथे चुकतं. उन्हाच्या चटक्यात डोळा दिपतो, सगळंच फिकं दिसतं. तिथेच दोन पावलं सावलीत उभं राहायचं, डोक्यावर मोकळं आकाश पाहिजे, पण अंगावर ऊन नको.

दुकानात काय करता येईल ते सांगतो. काउंटरवरचे दिवे बदला, 6500 के लिहिलेले घ्या आणि खोक्यावर सीआरआय बघा, म्हणजे त्या दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, तो 90 च्या वर पाहिजे, साध्या स्वस्त एलईडीत लाल रंग मेलेला दिसतो. काउंटरवर पांढरा किंवा राखाडी कपडा अंथरा. तुमच्या सनमायकाचा रंग काय आहे? हिरवा-बिरवा असेल तर त्याच्यावर कोणताही आमसुली जास्त लाल दिसणार. ताग्याची घडी आणि साडीचा एक पदर अशी तुलना कधी करायची नाही, घडीत रंग गडद दिसतो, दोन्हीच्या सारख्याच घड्या घाला आणि कडेला कड टेकवून बघा. आणि लागोपाठ पाच-सहा लाल ताग्यांनंतर डोळा थकतो, त्याला सगळ्यात हिरवी झाक दिसायला लागते, तेव्हा मिनिटभर पांढऱ्या कपड्याकडे बघायला सांगायचं. 34 तागे बघितल्यावर कोणालाच काही दिसलं नसेल, मला स्वतःला दिसलं नसतं.

फोटोचं तर बोलूच नका. मोबाइल स्वतःच ठरवतो की खोलीतला पांढरा कोणता आणि त्याप्रमाणे सगळे रंग सरकवून टाकतो.

---

दांडियाबाजार बडोदा

मी इंदूरची माहेरवाशीण, आता बडोद्याला. तुमच्या गोष्टीतली ती फोनवरची बहीण मी नाही, पण आमच्या घरात ते काम माझ्याकडेच आहे. कोणी काही घेत असलं की मला व्हिडिओ कॉल, पडदे, टाइल्स, सोफ्याचं कव्हर, भाचीचा लेहंगा, सगळं मी पास करते.

मागच्या दिवाळीत बहीण तुमच्याच भागातून बोलत होती, मोरपंखी ब्लाउजपीस हवा होता आणि मी एकामागून एक तीन तागे हिरवट आहेत म्हणून नापास केले. तिचा जीव रडकुंडीला आला, दुकानदार बिचारा दर वेळी नवीन काढत होता. मग माझी मुलगी शेजारून म्हणाली, आई तुझ्या फोनला रात्रीचा मोड लागलाय. सात वाजले की डोळ्याला त्रास नको म्हणून स्क्रीन आपोआप पिवळी होते! ते बंद केलं तर तिन्ही तागे छान मोरपंखी. काउंटरपलीकडून भाऊ, तुमचा कॉलही साडेसात-आठचाच होता. फोनवर जी कोणी असेल तिला आधी हे एक विचारायला सांगा की स्क्रीन पिवळी आहे का. माझी खात्री आहे, तुमचे निम्मे तागे खाली उतरणार नाहीत.

---

काळा कोट

कायद्याचं थोडक्यात लिहितो. ग्राहक संरक्षण कायदा 2019, लागू झाला 20 जुलै 2020 पासून. त्यात दोष असलेला माल परत घ्यायला नकार देणं हा अनुचित व्यापार आहे. बिलावर जी मुदत लिहिली असेल त्या मुदतीत, आणि काही लिहिलं नसेल तर 30 दिवसांत. म्हणजे कापडाला भोक आहे, रंग पहिल्या पाण्यात गेला, मीटर सांगून 90 सेंटिमीटर दिलं, तर परत घ्यावंच लागेल आणि 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही छापील ओळ तिथे कामाची नाही. ती ओळ बिलावर असेल तर काढून टाका.

पण गिऱ्हाइकानी स्वतः बघून, निवडून, फाडून घेतलेलं चांगलं कापड नंतर साडीशी जुळलं नाही, हा कापडाचा दोष नव्हे. बदलून द्यायचं की नाही ती तुमची मर्जी. बिलावर स्पष्ट लिहा, 'फाडलेलं कापड दोष असल्याशिवाय बदलून मिळणार नाही', आणि फाडायच्या आधी तोंडानीही सांगा. बिल मात्र द्याच. बिल न देणं हाही त्याच कायद्यात अनुचित व्यापार आहे. गिऱ्हाइकांसाठी सरकारी हेल्पलाइन 1915 आहे.

आता एक मनातलं. तुमच्या दुकानात बाई तासभर बघते त्याचा लोकांना त्रास होतो, आणि तीच बाई फोनवर 'फक्त 2 शिल्लक, 4 मिनिटं उरली' वाचून अर्ध्या मिनिटात साडी घेऊन मोकळी होते. ती घाई खोटी असते. 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानी अशा 13 प्रकारांवर बंदी घालणारे नियम काढलेत, खोटी घाई त्यात पहिलीच आहे. न विचारता टोपलीत (कार्टमध्ये) दान किंवा इन्शुरन्स टाकून देणं, हेही त्यात आहे. माझ्याकडे जे लोक येतात त्यांना मी कळकळीनी सांगतो की जेवढं दुकानात उलटंपालटं करून बघता तेवढं तिथे बघा. टोपली उघडा, एकेक ओळ वाचा, मग पैसे भरा.

---

रामबागेतली भाची

वर सगळ्यांनी चांगलं लिहिलंय, पण चिकित्सक गिऱ्हाइकाची बाजू कोणीतरी पूर्ण मांडायला पाहिजे म्हणून लिहिते, लांब होईल.

माझी आत्या. तिच्याबरोबर बाजारात जायचं म्हणलं की घरातले सगळे एकदम कामात असायचे, म्हणून मी जायचे, नववी-दहावीत असेन. एकदा माहेश्वरी घ्यायची होती. दुकानदारानी गादीवर बसवलं, पाणी दिलं आणि चार साड्या टाकल्या. आत्यानी एकीचीही पदराची बाजू बघितली नाही. सरळ काठ उलटा केला. माहेश्वरीचा खरा बुगडी काठ दोन्ही बाजूंनी सारखा असतो, उलटसुलट कशीही नेसा. पहिल्या दोन साड्यांचे काठ मागून दोरे सुटलेले होते, त्या बाजूला. मग तिसरीचे किनारीचे कोपरे डोळ्याजवळ नेले, हातमागावर कापड ताणून धरायला काठाला टाचण्या लागतात, त्यांची बारीक भोकं कडेला राहतात, ती शोधत होती. दुकानदार म्हणाला, ताई, एवढं कोण बघतं. आत्या म्हणाली, मी बघते न.

मग तिनी दशीतून एक उभा आणि एक आडवा धागा मागितला. नीम रेशमी म्हणजे उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा. काडेपेटी तिच्या पर्समध्ये होतीच. उभा धागा पेटवला, केस जळल्यासारखा वास आला, राख बोटात भुगा झाली. आडवा कागदासारखा जळाला. पॉलिस्टर असतं तर वितळून कडक मणी झाला असता, ते तिनी मला तिथेच दुसऱ्या एका साडीचा धागा जाळून दाखवलं आणि तो मणी माझ्या तळहातावर ठेवला. मला अजून आठवतो, काळा, मोहरीएवढा.

दुकानदाराचा चेहरा उतरला होता. पण मग तो उठला, आतल्या खोलीत गेला आणि मलमलीत गुंडाळलेला गठ्ठा घेऊन आला. म्हणाला, हे महेश्वरच्या एका घरातून येतं, दाखवत नाही सगळ्यांना. चटईच्या काठाची राखी रंगाची साडी. चहा मागवला. त्याच्यानंतर आत्या गेली की तो वरवरचा माल काढायचाच नाही.

आज सिल्क मार्क आहे 2004 पासून, हँडलूम मार्क आहे 2006 पासून, लेबल बघून घेता येतं आणि जरूर बघावं. पण लेबल नव्हतं तेव्हा ही बायांची बोटंच मार्क होती हो. महेश्वर इथून नव्वद किलोमीटर, अहिल्याबाईंनी विणकर आणून बसवले तेव्हापासून तिथे माग चालू आहेत, आणि खरा काठ ओळखणारं गिऱ्हाईकच उरलं नाही तर खरा काठ विणायचा कशाला असं त्या विणकराला वाटणारच न.

भाजीचंही तेच. बाबा भेंडीचं शेंडं मोडून बघतात, दुधीला नख लावतात, नारळ कानाशी हलवतात. भाजीवाली ओरडते, बाबूजी सगळी मोडणार का, पण भेंडी कट्‌कन मोडली तरच कोवळी, वाकली तर जून. आता घरी दहा मिनिटांत दुधी येतो, फोटोत सगळे दुधी सारखेच हिरवेगार, आणि मागच्या आठवड्यात चिरला तर आतून भोपळ्यासारख्या बिया. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत नीट. त्यांना रागापेक्षा वाईट जास्त वाटलं होतं.

म्हणून दादा, तासभर बघणाऱ्या काकू तुमच्या दुकानाची दौलत आहे. फक्त त्यांच्या हातात फोटोऐवजी कापड द्या.

---

भियाराम

रामबागेतल्या ताई, शंभर टक्के. आपल्या इंदुरात शेवसुद्धा चाखल्याशिवाय कोणी घेत नाही, लवंगेची द्या म्हणलं की दुकानदार आधी चिमूटभर हातावर ठेवतो, मग पुढचं बोलणं. कोणाला अपमान वाटत नाही. कापडाचंही असं चिमूटभर देता आलं तर?

काउंटरपलीकडून भिया, तुमच्याकडे शेवाळी कलरचं अस्तर आहे का, बायको तीन दिवस शोधतेय.

---

काउंटरपलीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस झाले, काय काय केलं ते सांगतो.

रंगारी काका, आमचा काउंटर खरंच हिरव्या सनमायकाचा निघाला, वडिलांच्या वेळचा, आम्हाला कधी डोक्यातच आलं नाही. आता वर पांढरी चादर आहे. दोन ट्यूब बदलल्या, फरक एवढा पडला की मला स्वतःला माझे दोन तागे चुकीच्या कप्प्यात सापडले. पाटी लावली नाही. बिलावरची जुनी ओळ खोडून वकीलसाहेबांची लिहिली.

भियाराम, तुमची चिमूटभराची गोष्ट मात्र डोक्यात बसली. आता कोणी फोटो घेऊन आलं की तीन-चार शेडच्या दोन-दोन बोटं रुंद चिंध्या कापून, जाड कागदावर टाचून, मागे शेड नंबर लिहून देतो. साडी आली की घरी लावून बघा, दिवसा, सावलीत, आणि नंबर फोनवर सांगा, मी फाडून ठेवतो. कटपीसची पेटी त्याच कामाला लागली. लोकमान्यनगरच्या वहिनी, ज्यांचा टेलर थांबत नाही त्यांना मी टेलरचा नंबर मागतो आणि स्वतः बोलतो, कापडाला दोन दिवस द्या म्हणून, आतापर्यंत दोघं ऐकले आहेत. शेवाळी अस्तर आहे, दोन शेडमध्ये, येताना ब्लाउजपीस आणा.

आता मुंजीच्या काकू. काल आल्या, बहीणही बडोद्याहून आलेली, साडी घेऊन. मी वहिनींचा प्रश्न विचारला, साडी पूर्ण उघडली होती का. दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. काउंटरवर साडी उलगडली, निऱ्यांच्या टोकाशी ऐंशी सेंटिमीटर रनिंग ब्लाउजपीस, अख्खा, त्याच रंगाचा. बहिणीच्या डोळ्यात पाणीच आलं, हसता हसता.

पण तो घ्यायचा नाही असं ठरलं, कारण त्याला काठ एकाच बाजूला आहे आणि काकूंना दोन्ही बाह्यांना काठ हवा. तेव्हा बदलून दिलेला पीस राहिला, काठ त्या रनिंगमधून काढून लावणार. आता अस्तर बघायचंय. संध्याकाळ झाली होती, मीच म्हणलं आज नको. उद्या सकाळी अकराला दोघी येणार आहेत, गल्लीच्या तोंडाशी, सावलीत.